रुमालातले ळ

मराठी भाषेचं अवघं ऐश्वर्य एका अक्षरात साठवलेलं आहे, आणि ते अक्षर म्हणजे ळ. हिंदीला ते पेललं नाही, इंग्रजीला ते झेपलं नाही. विधात्याने जगातल्या सगळ्या जिभा तपासून पाहिल्या आणि शेवटी ते आपल्या जिभेवर ठेवलं, कारण तेवढ्या योग्यतेची तीच होती.

असं धुळ्याचे वना गुरुजी तीस वर्षं सांगत आले होते. सांगता सांगता ते ऐन रंगात आले, की स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी यशोदाबाई हाक मारत, "ओ गुरुजी, जेवाले या. दाय थंडी व्हई ऱ्हायनी."

गुरुजी क्षणभर डोळे मिटून घेत. मग उठत आणि जाऊन दाय खात.

खानदेशात ळ टिकत नाही, त्याचा य होतो, त्याला कोण काय करणार? डाळीची दाय, शाळेची शाया. गुरुजी ज्या धुळ्यात ळ शिकवत होते, त्या धुळ्यालाही लोक धुये म्हणत. तरी गुरुजींनी हार मानली नाही. एकुलत्या एका मुलीचं नाव त्यांनी मुद्दाम मंजुळा ठेवलं. यशोदाबाई तिला मंजुया म्हणत. त्यामुळे पोरगी ओटीवर मंजुळा असे आणि चुलीपाशी मंजुया. ओटीवर चुकून एखादा य तोंडातून निसटला, तर ‘काळ्या मळ्यात पिवळी केळी’ हे पाटीवर वीस वेळा लिहावं लागे. बाराव्या वर्षापर्यंत तिच्या जिभेवरचे सगळे य साफ झाले. गुरुजींना समाधान वाटलं. मंजुळाला काय वाटलं, हे कुणी विचारलं नाही.

अशी ही मुलगी सत्याऐंशी सालच्या एप्रिलअखेर जळगावच्या ‘अरुणोदय मुद्रणालया’त प्रुफं वाचायला लागली. राहायला मेहरूणला मावशीकडे. नोकरी गुरुजींना पसंत नव्हती, पण अक्षरांची आहे म्हणून त्यांनी जाऊ दिलं. एस.टी.त बसवताना ते म्हणाले, "पहिली चूक झाली, की परत ये. दुसरी बघायला तिथे थांबू नकोस."

पहिली चूक बाराव्या दिवशी झाली.

दुपारचे अडीच वाजले होते. नवी पेठेतलं डांबर पाघळून चपलांना चिकटत होतं. अशा वेळी एक जीपवाला छापखान्यात शिरला. तो पाणी प्यायला शिरला होता. बहिणीची लग्नपत्रिका त्याला समोरच्या छापखान्यात छापायची होती. पण समोरचे जेवायला गेले होते आणि ह्यांच्या दारात माठ होता.

तो एक पेला प्यायला. दुसरा प्यायला. तिसऱ्याला मंजुळाने मान वर केली.

"माठ ठेवाल ना आमच्यासाठी?"

"पाणी मोजून देतात काय इथं?" मिशीवरचं पाणी मनगटाने पुसत तो म्हणाला.

"मोजत नाही. पण तळाशी काय आहे ते मीही अजून पाहिलेलं नाही."

तो हसला. चौथा पेला त्याने तिच्याकडे बघत, अगदी सावकाश प्यायला. मग समोरच्या छापखान्याची वाट न बघता खिशातून घामाने भिजलेला कागद काढला आणि तिच्या टेबलावर ठेवला. अभिमन त्याचं नाव. भडगाव–जळगाव जीप चालवायचा. कागदावर त्याने स्वतःच्या हाताने मजकूर लिहून आणला होता.

मंजुळाने तो वाचला आणि लाल पेन्सिल उचलली.

"हे काय? ‘स्थय’?"

"स्थय म्हणजे जागा. लग्नाची."

"आणि ‘वेय’? ‘मंगयवार’? ‘समस्त मंडयी’?"

"मंडयी म्हणजे मंडयी. लग्नाला येतीन ती."

"त्यांचा ळ कुठे गेला?"

"आमच्याकडं नसतो," अभिमन म्हणाला. "तुम्ही कुठल्या?"

"धुळ्याची."

"मग तुमच्याकडं तरी कुठं शे? धुयाची पोर आणि ळ मागते!"

हे तिला लागलं. कानाच्या पाळ्या तापल्या. वर्षानुवर्षं पाटीवर पिकवलेली पिवळी केळी ह्या माणसाने एका वाक्यात सोलून खाल्ली होती. तिने कागद जवळ ओढला आणि सपासप दुरुस्त्या करायला सुरुवात केली. स्थय, वेय, मंगयवार, मंडयी, बायगोपाय… य दिसला की मारला. अकरा य मारले. अकराही बरोबर होते. बाराव्याशी पेन्सिल थांबली. ‘स्थळ : मु. पो. मायवाडी.’

तिने पेन्सिलीचं टोक दातात धरलं. कपाळावर आलेली बट फुंकरीने उडवली.

"आणि हे… माळवाडीच ना?"

"हा," अभिमन म्हणाला.

"नक्की?"

"हा… हा. नक्की."

तिने बारावा य मारला.

छापखान्याचे मालक रुपचंदशेठ ह्यांनी भिंतीवर पाटी लावलेली होती : ‘सहीशिवाय छपाई नाही.’ म्हणजे गिऱ्हाइकाने प्रूफ वाचायचं, खाली सही करायची, मग यंत्र चालायचं. मंजुळा त्याला म्हणाली, उद्या प्रूफ बघून सही करायला या. तो म्हणाला, "तुम्ही वाचणार ना? मग मी काय वाचू? एवढे ळ एका जागी बघायची मला सवय नाही." आणि पुन्हा हसला. तिने पाटीकडे बघायला हवं होतं. ती त्याच्या हसण्याकडे बघत राहिली आणि तीनशे पत्रिका सहीशिवाय छापल्या गेल्या.

आता मायवाडी गिरणेकाठी, भडगावच्या पुढे. आणि माळवाडी धरणगावच्या पलीकडे, पार दुसऱ्या टोकाला. मध्ये पन्नास किलोमीटर धूळ.

पत्रिका वाटायला सुरुवात झाली, आठ दिवस गेले, तरी चूक कुणाच्या लक्षात आली नाही. कारण लग्नपत्रिका कुणी वाचत नाही. जो तो ‘आपले विनीत’मध्ये आपलं नाव शोधतो, सापडलं की खिशात ठेवतो आणि नाही सापडलं की लग्नाला जात नाही. पण नवरदेवाचे एक चुलते निवृत्त तलाठी होते. त्यांनी आयुष्यभर फक्त गावांचीच नावं वाचलेली. त्यांनी पत्रिका वाचली आणि दुसऱ्या दिवशी वरपक्षाकडून निरोप आला : ज्यांना स्वतःचं गाव माहीत नाही, त्यांच्या पोरीच्या वळणाबद्दल आम्ही काय समजावं? मंगळवारपर्यंत बठ्ठं, म्हणजे सगळं, निस्तरा. नाहीतर वरात निघणार नाही.

दिवस होता गुरुवार.

अभिमन छापखान्यात शिरला तो माठाकडे न बघता. पत्रिकांचा गठ्ठा त्याने टेबलावर असा आदळला, की शाईची बाटली उडाली.

"मायवाडी!" तो ओरडला. "मायना नावनं गाव शे ते! मायचं! तिथं देवीमायचं ठाणं शे! ते तुम्ही माळवाडी केलं? माळ्यांचं केलं?"

मंजुळाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"मी तुम्हाला विचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

"माळवाडीच ना, असं. दोनदा विचारलं. तुम्ही हा म्हणालात."

अभिमनने तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या पाटीकडे. मग रुपचंदशेठकडे, जे आतून पान चघळत बाहेर आले होते.

"मला कोणी काही विचारलं नाही," तो म्हणाला.

रागाचेही प्रकार असतात. घरच्यांवरचा राग वाफेसारखा, येतो आणि जातो. पण समोरचा माणूस डोळ्यांदेखत खोटं बोलतो आणि आपल्याकडे पुरावा नसतो, तो राग राखेखालच्या विस्तवासारखा बसतो. मंजुळाने लाल पेन्सिल टेबलावर आपटली.

"सही कुठे आहे?" रुपचंदशेठनी विचारलं.

"सही… मी घेतली नाही."

"का?"

ह्या प्रश्नाला खरं उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. "ती माझी चूक झाली, शेठ," ती म्हणाली. "ती मी नाकारत नाही. पण विचारलं मी होतं."

"गिऱ्हाईक नाही म्हणतंय."

"गिऱ्हाईक खोटं बोलतंय!"

"ए बाई!" अभिमन कडाडला. खोटं बोलणाऱ्या माणसाला खोटारडं म्हटलं, की तो खऱ्यापेक्षा जास्त चिडतो. "माझ्या बहिणीचं लग्न मोडायला आलंय आणि मी खोटा? ह्या एका अक्षरानं आमचं घर बुडवलं! कुठं शे ते?"

"काय?"

"ळ! कुठं ठेवता?"

पत्रिकांचे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, एका लाकडी पेटीत असत, प्रत्येक अक्षराला एक खण. त्याने एका खणाकडे बोट केलं, ते खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने घाबरून मान डोलावली, आणि अभिमनने खांद्यावरचा रुमाल पसरून तो अख्खा खण त्यात उपडा केला. गाठ मारली.

"माझं गाव मला परत मियेपर्यंत," तो म्हणाला, "तुमचे ळ माझ्याकडं."

आणि जीप धूळ उडवत निघून गेली.

रुपचंदशेठ रिकाम्या खणाकडे बराच वेळ बघत राहिले. लग्नसराईचे दिवस. पत्रिकांच्या मापाचा ळ छापखान्यात तेवढाच. नवा मुंबईहून यायला दहा दिवस. ळ नसेल तर लग्नाला स्थळ नाही, वेळ नाही, मंडळी नाहीत, सकाळ नाही, संध्याकाळही नाही.

"जळगावात छापखाना," ते हळूच म्हणाले, "आणि ‘जळगाव’ छापता येत नाही."

मग ते मंजुळाकडे वळले. "मंगळवारी लग्न. तोपर्यंत हे निस्तर आणि ळ परत आण. नाहीतर बुधवारच्या पहिल्या गाडीने धुळ्याला जा. तुझ्या वडिलांना मी पत्र लिहीन." जरा थांबून म्हणाले, "त्यातही ळ नसेल."

त्या दिवशी मंजुळा जेवली नाही. रडलीही नाही. तिला वडिलांचा राग आला होता, ज्यांनी य दिसला की मारायला शिकवलं. स्वतःचा आला होता. शेठचा थोडा आला होता. आणि त्या मिशीवाल्याचा इतका आला होता, की त्यात बाकीचे तिन्ही बुडून जावेत.

शुक्रवारी सकाळी आठला तिने दुरुस्तीची चिठ्ठी छापायला घेतली. ती सगळ्या पाहुण्यांना हातोहात द्यायची, असा निरोप शेठनी अभिमनला धाडला होता. पण खिळे जुळवायला बसली आणि पहिल्याच शब्दाला अडली. ‘स्थळ’ जुळवता येईना. ‘माळवाडी नव्हे’ असं छापावं, तर तोही ळ त्या रुमालात. शेवटी तिने जुळवलं :

‘पत्रिकेत आमच्या हातून चूक झाली आहे. लग्न मायवाडीलाच आहे. चुकीचा दोष घरच्या लोकांना देऊ नये. आपली नम्र,’

इथे नाव घालायचं होतं. म, अनुस्वार, जु… आणि हात खणावर थांबला. खण रिकामा. जुळारी शेजारी उभा होता, तो म्हणाला, "ताई, नाव सोडून द्या."

"का सोडू?" मंजुळा फिस्कारली. "चूक मी केली आणि नाव कुणाचं सोडू?" तिने शेजारच्या खणातून य उचलला आणि ठोकला. आपली नम्र, मंजुया.

वडिलांनी वर्षानुवर्षं मारलेला य, अख्ख्या जिल्ह्यात वाटायला, तिने स्वतःच्या हाताने छापला. छापून झाल्यावर तिला वाटलं, आपण रडू. पण तेवढ्यात बाहेर जीपचा भोंगा वाजला आणि रडणं राहून गेलं.

"चिठ्ठ्या झाल्या का?" अभिमनने विचारलं. डोळे लाल, दाढी वाढलेली. "द्या. मी वाटतो."

"मी येणार."

"तुम्ही कशाला?"

"माझी चूक आहे, माफी मी मागणार. तुमच्यावर विश्वास नाही माझा. तुम्ही जाऊन सांगाल, मला कोणी काही दिलंच नाही."

त्याने पुढच्या सीटवरची धूळ रुमालाने झटकली. मंजुळाने तो रुमाल नीट न्याहाळला.

"हा तो नव्हे," तो म्हणाला. "तो सुरक्षित शे."

"मी विचारलं का?"

"नजर विचारते तुमची."

"माझी नजर आहे. तुमच्या जिभेपेक्षा खरी आहे."

चार दिवस ही भांडणं चालली. सकाळी नऊला मेहरूणच्या वळणावर जीप उभी राही, मंजुळा नाकापर्यंत ओढणी गुंडाळून बसे, आणि दिवस मावळायच्या आत तिथेच उतरे. लिलाबाई मावशीने पहिल्या दिवशी विचारलं, "कोण गं तो?" मंजुळा म्हणाली, "खोटारडा." तिसऱ्या दिवशी मावशीने विचारलं, "आज खोटारड्यासाठी पोळ्या जास्त बांधल्यास का?" मंजुळा म्हणाली, "उपाशी माणसाशी भांडायला मजा येत नाही."

घरोघर एकच प्रकार. मंजुळा चिठ्ठी द्यायची, हात जोडायची, "चूक माझी झाली" म्हणायची. घरचे चहा टाकायचे. धरणगावला द्रौपदाबाई नावाच्या म्हाताऱ्या आत्याने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "माय व, इतली उन्हातान्हात कसाले फिरी ऱ्हायनी? आम्ही काय पत्रिका वाचीसन जातस? बँड वाजस तठे जातस." मग अभिमनकडे वळून म्हणाली, "तुन्ही कोन लागस रे ही?"

"छापखान्याची शे," अभिमन म्हणाला.

"ते दिखस. शाई शे ना तुन्हा कॉलरले."

मंजुळाने पाहिलं. तिच्या बोटांची शाई त्याच्या कॉलरला लागली होती. मघाशी खड्ड्यात जीप उडाली, तेव्हा तिने आधाराला धरली होती, ती जागा. तिने तोंड फिरवलं. तोही इतका गंभीर झाला, जणू कॉलर दुसऱ्याचीच.

परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "तुम्ही माफी मागता तेव्हा… बरं नाही वाटत मला."

"मग तुम्ही मागा."

गिरणेच्या कोरड्या पात्रातून वावटळ उठली, जीपवरून गेली, दोघांच्या पापण्यांवर सारखीच धूळ ठेवून गेली.

"मी विचारलं होतं," पुढे बघत मंजुळा म्हणाली. आवाज आता चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागणारा होता. "चार दिवस मी सगळ्यांच्या पाया पडतेय, त्याचं मला काही नाही. सही घेतली नाही, ते माझं. पण तुम्ही हा म्हणाला होतात. एवढं एक तुम्ही कबूल केलंत ना… तर मी धुळ्याला सुद्धा शांतपणे जाईन."

"धुयाला? का?"

"शेठने बुधवारची गाडी सांगितली आहे."

अभिमनने जीप थांबवली. रस्त्याच्या मधोमध. मागून ट्रकवाल्याने आईबहिणीचा उद्धार केला, तरी हलला नाही.

"हे मला माहीत नव्हतं."

"तुम्ही विचारलं का?"

मंगळवारी लग्न दुपारी बारा पस्तीसचं. चिठ्ठ्या सगळ्या पाहुण्यांना पोचल्या होत्या, पण सगळ्यांनी वाचल्या असतील ह्यावर मंजुळाचा विश्वास उरलेला नव्हता. म्हणून ती सकाळी नऊपासून माळवाडीच्या फाट्यावर एकटी जाऊन उभी राहिली. हातात पुठ्ठा, त्यावर मोठ्या अक्षरांत : ‘लग्न मायवाडीला.’ बाभळीखाली सावली होती, पण ती फक्त बाभळीपुरती.

दहापर्यंत एक मामा, दोन मावश्या आणि एक चुकार न्हावी तिने वळवून दुसऱ्या एस.टी.त बसवले. साडेदहाला धुळीतून एक टेंपो आला. टेंपोत लाल डगले घातलेली नऊ माणसं आणि एक मोठा ढोल. उखर्डू मास्तरांचा बँड. पत्रिका काळजीपूर्वक वाचणारे दोनच जण असतात, तलाठी आणि बँडवाले, कारण बँडवाल्यांना तिथे जेवायचं असतं.

"थांबा!" मंजुळा टेंपोच्या पुढ्यात उभी राहिली. "लग्न इथे नाही!"

"पत्रिकेत शे," मास्तर म्हणाले आणि डगल्यातून पत्रिका काढली.

"पत्रिका चुकीची आहे!"

"छापेल चुकीचं कसं व्हई? तुम्ही कोन?"

"मीच छापली!"

मास्तरांनी तिच्याकडे आपादमस्तक पाहिलं. "मंग तर बठ्ठंच चुकीचं व्हई," ते म्हणाले.

एवढ्यात समोरून जीप आली. नवरीचा भाऊ, डोक्याला फेटा, कपाळाला अक्षता, सदऱ्यावर हळदीचे डाग, वरात वेशीत येऊन उभी आणि बँडचा पत्ता नाही म्हणून पन्नास किलोमीटर तुडवत आलेला. तो उतरला. बँडकडे पाहिलं. पुठ्ठा धरून उन्हात उभ्या असलेल्या मंजुळाकडे पाहिलं. तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या.

"तुम्ही… सकायपासून इथं?"

"बँड घ्या आणि जा. दोन तास आहेत."

"तुम्ही विचारलं होतं," अभिमन म्हणाला.

"काय?"

"तुम्ही विचारलं होतं. दोनदा. मी हा म्हणालो." त्याने फेटा काढला. उघड्या डोक्याने तो अचानक लहान दिसायला लागला. "मी ऐकतच नव्हतो. तुम्ही ती पेन्सिल दातात धरली, मग बट उडवली, मग… तुम्ही मला त्या वेयी विचारलं असतं, की लग्न विहिरीत आहे का, तरी मी हा म्हणालो असतो. घरी माझे वडील, आबा, काठी घेऊन बसले होते, तू काय करत होतास म्हणून. काय सांगणार होतो?"

बँडवाले टेंपोच्या फळीवर ओळीने बसले.

मंजुळाच्या हातातला पुठ्ठा खाली पडला. तिने तो उचलला आणि अभिमनच्या खांद्यावर हाणला. मग दुसऱ्या खांद्यावर हाणला.

"चार दिवस!" ती ओरडली. "चार दिवस मी लोकांच्या दारात उभी राहिले! रोज म्हणत होते, एकदा कबूल करा! आणि तुम्ही माझ्या हातच्या पोळ्या खात होतात!"

"पोया चांगल्या व्हत्या."

तिने तिसऱ्यांदा हाणला. पुठ्ठा मोडला. "लग्न" एकीकडे गेलं आणि "मायवाडीला" दुसरीकडे.

"लिहून द्या," ती धापा टाकत म्हणाली. "आत्ता. पत्रिकेच्या मागे. खाली सही."

मास्तरांनी आपली पत्रिका पुढे केली. मंजुळाने केसांत खोचलेली लाल पेन्सिल दिली. अभिमनने जीपच्या बॉनेटवर पत्रिका ठेवली, चटका बसला, फुंकर मारली, आणि लिहिलं : ‘मला दोनदा विचारलं होतं. मी हा म्हनालो. कारन मी हिच्या डोयाकडं बघत होतो.’ खाली सही. ती सही, जी पंधरा दिवस उशिरा आली होती.

मंजुळाने वाचलं. सवयीने पेन्सिल परत घेतली. दोन न चुकले होते, ते तिने पाहिले. आणि तो ‘डोया’. वीस वर्षांचा हात आपोआप त्या य वर गेला…

…आणि थांबला.

ढोलावर एक माशी बसली, तिचासुद्धा आवाज आला. मंजुळाने पेन्सिल केसांत खोचली. पत्रिका तशीच घडी घालून पर्समध्ये ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा तिने एक चूक, दिसत असताना, सोडून दिली.

"हे शेठला दाखवणार?" अभिमनने विचारलं.

"हे? हे कुणाला दाखवतात? शेठसाठी दुसरं लिहा. कारण गाळून."

त्याने दुसरं लिहिलं. मास्तर म्हणाले, "भाऊ, वरात खोयंबी ऱ्हायनी."

"खोयंबू द्या," अभिमन म्हणाला. मग तिच्या जवळ येऊन, बँडला ऐकू जाणार नाही अशा बेताने, जे बँडला नीट ऐकू गेलं, "मंजुया…"

तिला घरात फक्त चुलीपाशी त्या नावाने हाक मारत. आणि ते नाव तिने स्वतःच छापून दोनशे घरांत वाटलेलं होतं, त्यामुळे कुणी म्हटलं, तर चिडायची सोय नव्हती.

"आबाला धुयाला पाठवू का? तुमच्या वडिलांकडं?"

मंजुळाच्या जिभेवर, जिथे फक्त ळ ठेवायची परवानगी होती, तिथे काहीतरी जुनं, उबदार, फोडणीच्या वासाचं येऊन बसलं.

"धाडा," ती म्हणाली. "पन आबाले सांगा, मन्हा बापसमोर ‘दाय’ म्हनू नका."

टेंपोवर कुणीतरी क्लॅरिनेटचा एक सूर काढला. मास्तरांनी त्याच्या डोक्यात टपली मारली.

अभिमनने जीपच्या सीटखालून गाठोडं काढलं. तोच रुमाल, तीच गाठ. मंजुळाने ते तिथेच बॉनेटवर सोडलं, उन्हात चमकणारे खिळे बोटांनी पसरले, ओळीने लावले, आणि कपाळाला आठी घालून त्याच्याकडे पाहिलं.

"चाळीस होते. एकोणचाळीस आहेत."

अभिमन लाजला. एवढ्या मिशीला लाजणं शोभत नव्हतं, पण त्याला ते जमलं. सदऱ्याच्या वरच्या खिशातून, बरोबर छातीवरच्या, त्याने एक इवलासा खिळा काढून तळहातावर ठेवला.

"हा मी ठेवून घेतला," तो म्हणाला. "आयुष्यभरासाठी. तुमचं नाव पुरतं लिहायला… एक तर लागेलच ना मला."

मंजुळाने त्या तळहाताकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले, ते तिने ओढणीच्या टोकाने टिपले, आणि हात पुढे केला.

"तेवढा तोही द्या," ती म्हणाली. "उद्या ‘जळगाव’ छापायचंय."